आप्पांची फाईल परत आणणारी

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी सीमाभागातल्या एका शहरात, कॅम्पातल्या आमच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये एकच कॉम्प्युटर होता. माझे वडील, आप्पा, यांनी निपाणीच्या तंबाखू वखारीत हमाली केलेली. ते आपली कहाणी सांगायचे आणि मी ती मराठीतच, पण इंग्रजी अक्षरांत टाईप करायची. एकदा कुणीतरी त्याच नावानं एक छोटं पत्र सेव्ह केलं आणि आमची फाईल गेली.

दुरुस्तीला हुबळीहून माझ्याच वयाची एक मुलगी आली. तिनं बांगड्या कोपराकडं सरकवल्या आणि पडद्यावरची चित्रविचित्र खुणांची पानं पुढं ढकलत राहिली. मधेच थांबून तिनं कन्नड वळणानं वाचलं, "माझी आय वखारीत तंबाखू चाळायची."

आप्पा उठून उभे राहिले.

"पत्र लहान होतं," ती मोडक्या मराठीत म्हणाली. "पहिलं पान त्याच्याखाली गेलं. बाकी तुमचं सगळं आहे."

आप्पांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "लई गुणाची हाईस, पोरी."

वर्षभर मी त्यांचा शब्द न् शब्द टाईप केला होता. तो हात माझ्या डोक्यावर कधी आला नव्हता. मला तिच्या बांगड्यांचासुद्धा राग आला.

दुसऱ्या दिवशी आम्ही पहिलं पान पुन्हा लिहायला बसलो.

"आधी त्या पोरीचं घाल," आप्पा म्हणाले. "तिच्यामुळं माझी आय परत आली. नाव काय गं तिचं?"

"इचारलं न्हाय, आप्पा."

"मग 'एक पोरगी' असं लिही."

मी लिहिलं. नाव ठाऊक नव्हतं, याचं मला बरं वाटलं.