बंपरापाशी उभी केलेली

त्यांनी माझ्या बायकोला नव्या ट्रकाच्या बंपरापाशी उभं केलं. आणि मी तिचा पदर नीट केला. फोटोत चांगली दिसावी म्हणून.

हे आधी सांगतो. कारण त्यात माझाबी हात हाय.

मी कोडोलीचा. कोल्हापुरात एका लाकडाच्या वखारीत ड्रायव्हर होतो. कर्नाटकातल्या हल्याळच्या जंगलाकडनं लाकूड आणायचं. तिथंच गिरिजा भेटली. सिद्दी लोकांतली. त्यांचं वाडवडील आफ्रिकेतनं आलेलं, पर कैक पिढ्या तिथल्याच मातीत मुरलेल्या. रंग काळाभोर, केस कुरळं. लगीन केलं आणि तिला कोल्हापुरात आणली. भावकीनं मला तोडलं. भाड्यानं खोली मिळंना. लोक खोली दाखवायचे, तिच्याकडं बघायचे, मग म्हणायचे, "पावणं, कालच दुसऱ्याला दिली की." चौथ्या खेपेला मी तिला कोपऱ्यावर थांबवलं आणि एकटाच आत गेलतो. खोली मिळाली. तवा वाटलं, जमलं. आता वाटतं, तवाच मी तिला लपवायला शिकलो.

वखारीत तिला कुणी नावानं इचारलं न्हाय. "काय रं, तुझी हबशीण काय म्हणती?" मालक म्हणायचे. मी हसायचो.

नव्वदीच्या सालात मालकांनी नवा ट्रक घेतला. पूजेच्या आदल्या दिवशी मला म्हणाले, "उद्या गिरिजाबाईंना घेऊन ये." नावानं. वर बाई. मला तिथंच वास यायला पाहिजे होता. पर मी हरखलो. घरी सांगितलं तर ती म्हणाली, "आजच कसा मान सुचला?"

"तुला सगळ्यातच खोट दिसती," मी म्हणालो.

नव्या गाडीला दिष्ट लागू नये म्हणून पुढं काळी भावली बांधायची, ही आमच्या धंद्याची रीत. वखारीच्या प्रत्येक गाडीला ती मीच बांधायचो. त्या सकाळची भावली गिरिजानंच शिवून दिलती. माझ्या फाटक्या छत्रीचं कापड, आत चिंध्या. मी पिशवीत घालून नेली.

नारळ फुटला. लिंबू-मिरची बांधली. मी पिशवीतनं भावली काढली तर मालक म्हणाले, "ऱ्हाऊ दे की आज. गिरिजाबाई, तुमी या अशा म्होरं. हितं, बंपरापाशी."

मला वाटलं, मान. मी पदर नीट केला. फोटो निघाला. तेवढ्यात मागनं मालकीणबाई शेजारणीला म्हणाल्या, हळू न्हवं, चांगलं ऐकू येईल असं, "चालतीबोलती मिळाल्यावर चिंध्यांची कशाला?"

सगळे हसले. माझ्याबी तोंडावर हसू होतं. सवयीचं.

गिरिजानं हात पुढं केला. "आणा ती." माझ्या हातातनं भावली घेतली. खाली बसली. बंपराला बांधली, दोन गाठी मारून आवळली. उठली आणि मालकीणबाईंच्याकडं बघून म्हणाली, "ही तुमची. मी न्हवं." मग मला, "आवं, चला."

मी गेलो न्हाय. माझ्या हातात पेढा होता. ती एकटी चालत घरी गेली. मी तो पेढा खाल्ला. आणि तोच ट्रक पुढं धा वर्सं हाकला. भावली उन्हानं विटली. गाठी सुटल्या न्हाईत.

त्या दिवशी घरी तिनं भांडण काढलं न्हाय. येवढंच म्हणाली, "त्यांनी उभी केली त्याचं न्हाय. तुमी पदर सारखा केलासा."

त्यानंतर वखारीत तिनं पाय ठेवला न्हाय.

पुढं मालकांचा पोरगा परदेशात शिकून आला. गोरी बायको घेऊन. मोठ्या हॉलात स्वागताचं जेवण घातलं. बायका त्या पोरीचा हात हातातनं सोडंनात. मालक माईकवर म्हणाले, "आमच्या घरात जात-पात, काळं-गोरं कायबी न्हाय." टाळ्या पडल्या. मी बाहेर पावण्यांच्या गाड्या लावत होतो. गिरिजाला बोलावणं न्हवतं. त्या पोरीचा काय दोष न्हाय. पर मी दारातनं बघत राहिलो, तिला कुणी गाडीपुढं उभी करतंय का. न्हाय केली.

गेल्या साली गिरिजा वारली. कावीळ झाली, आठ दिवसांत गेली. भिंतीला खिळा मारला आणि मग ध्यानात आलं, तिचा फोटोच न्हाय. मतदानाच्या कार्डावर नुसता काळा डाग. काढणाऱ्यानं उजेड बघितलाच न्हवता.

तेराव्याच्या आदल्या दिवशी धाकटे मालक आले. तोच पोरगा. हातात फ्रेम. ट्रकाच्या पूजेचा फोटो मोठा करून आणलेला.

"काका, अल्बमात सापडला. बघा की, बाबांनी त्या काळातबी काकूंना कसं मानानं बोलावलं होतं. आपल्यात भेद कधी न्हवताच."

बघितलं. तोंड लख्ख आलेलं. हसत न्हवती. कॅमेऱ्याकडं संशयानं बघत होती. डोक्याच्या वर लिंबू-मिरची. आणि कडंला, तिच्या पदरावर, एक हात. माझा. माझं तोंड फोटोत न्हवतं, नुसता हात.

मी फ्रेमला हात घातला. खरं सांगतो. तिचं तोंड परत कुठं बघायला मिळणार न्हवतं. मग हात मागं घेतला.

"पावणं," मी म्हणालो. आजवर त्यांना मालक सोडून दुसऱ्या कशानं हाक मारली न्हवती. "फोटो घेऊन जावा."

"दुसरा हाय का तुमच्याकडं?"

"न्हाय."

"मग?"

"नसू दे. गाडीपुढची भावली माझ्या भिंतीवर नको."

फ्रेम काखेत घालून ते गेले. तेराव्याला हार खिळ्यालाच घातला. लोक बघत राहिले. बघू देत.

तिचं तोंड आता जरा पुसट होत चाललंय. रात्रंदिवस आठवतो, तरी. होऊ दे पुसट. पर इथनं पुढं कुणाच्या फोटोसाठी मी कुणाचा पदर सारखा करणार न्हाय. आणि जो कोण मला सांगंल की आमी तुझ्या बायकोला आपली मानली, त्याला मी एकच इचारणार. पयला मी माझं मलाच इचारलंय, आता त्यांना.

कुठं उभी केलती?