मामाचं कोरियाचं मटण

निखाऱ्यावर गूळ करपल्याचा वास आला की मला रेवदंड्याच्या आमच्या घराचं मागचं अंगण आठवतं. लढाई थांबल्यावर पलटणीबरोबर कोरियात गेलेला मामा नुकताच परतला होता आणि तिथल्यासारखं मटण भाजणार होता. पातळ कापांना त्यानं गूळ, लसूण, तिळाचं तेल चोळलं आणि करवंट्या पेटवायला गेला. तेवढ्यात आईनं त्यावर वाटीभर कोकमाचं आगळ ओतलं. "आंबट न्हाय तं मटण कसलं," ती मला हळूच म्हणाली. पहिला तुकडा चावता चावता मामा थांबला. "तिकडच्यासारखं झालंय का रं?" आईनं विचारलं. तिच्याकडे बघत तो म्हणाला, "व्हय ताई, अगदी तसंच." अजून मी त्यात आगळ घालते, आणि कुणी विचारलंच तर सांगते, कोरियात असंच करतात.