बाटलीतला कोळी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. लातूर जिल्हा नवा झाला होता, दुष्काळ होता, आणि आमच्या कचेरीतल्या एका वयस्कर टपाल कारकुनांनी शाईच्या रिकाम्या बाटलीत एक उड्या मारणारा कोळी पाळला होता. ते टाचणीच्या डोक्यावर पाण्याचा थेंब धरत, कोळी पुढं येऊन पिई.

"टँकर येईल तवा येईल, ह्याचं मातर येळेवर," म्हणत.

रजेवर जाताना बाटली माझ्याकडं दिली. "भाऊ, इसरू नका."

टँकरच्या अर्जांत मी विसरलो. कोळी मेला. भिंतीवरचा तसलाच दुसरा पकडून मी बाटलीत सोडला.

परतल्यावर त्यांनी टाचणी पुढं केली. कोळी मागं सरला.

"नवा हाय. घाबरून राहिलाय, येईल," एवढंच म्हणाले आणि टाचणी तशीच धरून बसले.

त्यांची माफी मागायची अजून राहिली आहे.