झोपेतली जागल

रानडुकरांवर ओरडण्यात कळंब तालुक्यात माझा हात धरणारा कोणी नाही. तुरीच्या दिवसांत मचाणावरून मी हाळी दिली की यवतमाळच्या बसस्टँडवर झोपलेली माणसं उठून बसायची. मी सांगतोय, तेव्हा थोडं कमी करून घ्या. पण यंदा तूर घरात येऊन महिना झाला, तरी माझी जागल, म्हणजे रात्रीची राखण, संपली नाही. ती मी आता घरात, बाजेवर, गाढ झोपेत करू लागलो.

एका सकाळी पाहतो तर बायकोचा डोळा सुजून जांभळा.

"काय झालं वं?"

"तुमीच मारलं. हुर्र हुर्र करून राह्यलते."

मला एवढंच आठवत होतं, की स्वप्नात एक डुक्कर आलं आणि मी त्याच्या थोबाडावर बुक्की हाणली.

पानठेल्यावर लोकांनी विचारलं तेव्हा खरं सांगायची हिंमत झाली नाही. म्हणालो, अंगणात म्हशीएवढं डुक्कर शिरलं, बायकोनं उलथण्यानं त्याला वेशीपर्यंत पिटाळलं, त्या झटापटीत डोळ्याला लागलं. लोक हसून लोळले. आठ दिवसांत पोरं तिला 'डुक्करमारी' म्हणू लागली. ती पदर डोळ्यावर ओढून पाण्याला जायची, आणि मी निर्लज्ज, रोज गोष्टीत एक डुक्कर वाढवायचो.

चतुर्थीला कळंबला गणपतीच्या दर्शनाला गेलो, जेवायला तिच्या भावाकडे. त्यानं मला बाजूला घेतलं.

"जवाईबापू, हे डुक्कर दोन पायाचं तं नोहोय?"

मी खरं ते सांगितलं.

"आमची बाई बी तेच सांगते. तुमीच पढवलं असन. आजवर तुमची एक तरी गोष्ट खरी निंगाली काय?"

जेवण झाल्यावर सगळे पुरुष सतरंजीवर आडवे झालो. जाग आली तेव्हा माझ्या मुठीत साळ्याची कॉलर होती, त्याचा ओठ फुटला होता आणि चार जणांनी माझे पाय धरले होते. घर हसत होतं. रक्त पुसत तोही हसला, "अरे, हा तं खरंच झोपेत मारते!"

बायको दारात उभी होती. "मी सांगितलं तवा पटलं नाही, दादा. तुह्या ओठातून रक्त आलं, तवा पटलं."

हसणं बंद झालं. मी सतरंजीच्या पट्ट्या पाहत बसलो.

यवतमाळच्या डॉक्टरांनी हा झोपेचा आजार असल्याचं सांगून गोळ्या दिल्या, बाज वेगळी करायला लावली. पण 'डुक्करमारी' हे नाव गोळीनं जाणारं नव्हतं. साळ्याला सुजल्या ओठासकट पानठेल्यावर आणलं. माझ्या एकट्याच्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार होतं? सगळं सांगितलं. एक जण हसायला लागला, साळ्याच्या तोंडाकडे पाहून थांबला.

पानवाल्यानं विचारलं, "मंग वहिनीनं इतके दिवस आमचं सारं आयकून घेतलं?"

"हो," म्हणालो.

माझ्यासाठी लावलेलं पान त्याच्या हातातच राहिलं. मीही ते मागितलं नाही.