विमानावरचा गेरू

अणदूरच्या बालाजीला स्वतःच्या हाताबद्दल कधीच शंका आली नाही. आठवडाभर तो बँकेत नोकरी करतो आणि रविवारी ओसरीवर बसून प्लॅस्टिकची वीतभर लढाऊ विमानं रंगवतो. वरून शत्रूला दिसू नयेत असे हिरवे-तपकिरी पट्टे तो बारीक ब्रशनं ओढतो. डबीतला तयार तपकिरी रंग त्याला चालत नाही. "ती कुठल्या परमुलखाची माती? माझं विमान आपल्या रानात लपलं पाहिजे," म्हणतो आणि शेतातलं ढेकूळ समोर ठेवून रंग कालवतो.

त्याची आई सिताबाई मेंढरं राखते. ती म्हणते, "आमी मेंढरू दिसावं म्हणून पाठीवर गेरू लावतो, आन् ह्यो दिसू नये म्हणून रंगवतो!"

विमान झालं की बालाजी ते रानात ठेवतो आणि आईला शोधायला लावतो. आजवर तिनं प्रत्येक विमान बांधावरूनच दाखवलं होतं. गेल्या रविवारी मात्र तिनं हात टेकले. बालाजी मिशीत हसला, ऐटीत विमान आणायला गेला आणि त्यालाच ते सापडेना! शेवटी घरी परतणारी एक मेंढी काहीतरी हुंगत थांबली, तेव्हा विमान मिळालं.

सिताबाईनं गुपचूप विमानाच्या पाठीवर गेरूचं बोट ओढलं. बालाजी लई भडकला.

पण ते त्यानं पुसलं नाही. आता कुणी त्या गेरूबद्दल विचारलं, की ताठ मानेनं सांगतो, "आमच्या कळपातलं हाय ते."