गुळाची तुला

महाराष्ट्र झाला त्या सुमारास मी लग्न होऊन मारेगावजवळच्या एका गावात आले. सासरे चांगलेच जाडजूड होते. बंडीची खालची बटणं त्यांनी कधी लावलेली मी पाहिली नाहीत. गावात त्याचं कौतुकच होतं. अंगावर मांस म्हणजे घरात बरकत, असा साधा हिशेब. सासूबाईंना तर त्या पोटाचा फार अभिमान.

कापसाची वेचणी चालू असताना एका दुपारी सासरे छाती धरून शेताच्या बांधावर, धुऱ्यावरच बसले. त्यांना यवतमाळला न्यायला बैलबंडी जुंपली. ती हलायच्या आत सासूबाई केळापूरच्या देवीला बोलून मोकळ्या झाल्या, "माय, हा मानूस मले वापस दे. तुह्यापुढं गुळानं तोलीन."

सासरे वाचले. डॉक्टरांनी सांगितलं, "हृदयावर या अंगाचा भार पडतोय. वजन उतरवा, तूप-तेल कमी करा." स्वयंपाक माझ्याकडे होता आणि मी त्या बाबतीत कडक होते. ज्वारीची भाकर, साधं वरण, उकडलेली भाजी. सासऱ्यांनी कुरकुर केली, पण खाल्लं. उन्हाळ्यापर्यंत ते धाप न लागता शेतापर्यंत चालू लागले. मी मनातून फार खूश होते.

सासूबाईंची मात्र झोप उडाली. नवस बोलला तो भरल्या अंगाचा. आता उतरल्या अंगाची तुला करायची म्हणजे देवीला मापात मारायचं. "बोललो एक आन् देतो एक, असं कसं जमन? देवी त्यायले घेऊन जाईन," त्या म्हणाल्या. मी डॉक्टरांच्या सांगण्याची आठवण करून दिली. "डॉक्टरनं औषध देल्लं. जीव देवीनं देल्ला." सासऱ्यांच्या कमरेचा चांदीचा करदोडा ढिला होऊन खाली घसरत होता. तो पहिल्यासारखा घट्ट बसला की केळापूरला जायचं, असं सासूबाईंनी ठरवलं आणि चूल स्वतःकडे घेतली. ताटात पुन्हा तूप आलं, रोडगे आले, पुरणपोळ्या आल्या. मला राग यायचा आणि तो मी भांड्यांवर काढायचे.

शेवटी सासऱ्यांनाच विचारलं, "बाबा, तुम्हाला तरी पटतं का हे?"

ते आवाज खाली करून म्हणाले, "न्हाई पटत. पन मी चार घास कमी खाल्ले का तुही सासू रातभर जागी राह्यते, माह्याकडं पाहत. मंग खातो."

करदोडा घट्ट झाला. केळापूरला देवळापुढं कापसाचा मोठा काटा टांगला. एका पारड्यात सासरे मांडी घालून बसले, दुसऱ्यात गुळाच्या भेल्या रचल्या. पारडी बरोबरीत आली तेव्हा सासूबाई रडल्या. इतकं सुखानं रडणारं माणूस मी नंतर पाहिलं नाही. सगळ्यांना गूळ वाटून आम्ही परत निघालो, तेव्हा बैलबंडीत चढतानाच सासऱ्यांना धाप लागली.

दिवाळीच्या आधी एका सकाळी अंगणात तोंड धुताना ते पडले, ते उठलेच नाहीत. तिरडी जड होती. खांदेकऱ्यांना सारखे खांदे बदलावे लागले.

सासूबाईंनी देवीला बोल लावला नाही. भेटायला येणाऱ्या बायकांना त्या सांगत, "नवस फेडून गेले. माह्या हातचं खाऊन, भरल्या आंगानं गेले." त्या पुढे बरीच वर्षं जगल्या आणि हेच सांगत राहिल्या. सांगून झालं की माझ्याकडे वळून विचारत, "हो का न्हाई, बाई?"

मी हो म्हणायचे.