बॉक्सची पिन

मी नऊ वर्षांची असताना तापात माझे कान गेले. तेव्हापासून बोरी अरबातल्या प्रत्येक कार्यक्रमात मी शेजारणीला कोपराने ढोसते, "काय म्हणे?" उत्तर ठरलेलं. "काही नाही. मंग सांगतो." ओठ वाचता येतात म्हणून ते उत्तर तरी कळतं. तिचं ते 'मंग' आजवर आलेलं नाही. सगळे हसले की मी मागून हसते, झालं.

यंदा जयंतीच्या आठवड्यात विहारात पोरांना सिनेमा दाखवायचं ठरलं. शिलाई मशीन माझं, म्हणून पडदा शिवायचं काम माझ्याकडे आलं. मी विहार समितीच्या अध्यक्षांना तोंडावर सांगितलं, पडदा शिवीन, पण सिनेमा मी निवडीन. ते गोंधळून हो म्हणाले. मोबाइलवर मला शंभर वर्षांपूर्वीचा एक मुका विनोदी सिनेमा सापडला होता. वीस मिनिटांचा, आणि मुख्य कामं सगळी लहान पोरांची. पोरं बाबागाडीला बकरी जुंपतात, बकरी उधळते, तिच्यामागे पोलीस, पोलिसामागे बेकरीवाला. घरी एकटीने मी तो अकरा वेळा पाहिला. आता मला तो गावाबरोबर पाहायचा होता, सगळे हसतील त्याच क्षणी हसायचं होतं. एवढंच हवं होतं, पण ते हवंच होतं.

सिनेमा सुरू झाला आणि दोन मिनिटांत माना मागे वळल्या. सगळ्यांच्या ओठांवर एकच, आवाज! आवाज! साउंडवाला घाबरला. त्याने वायरी उपसल्या, फुंकल्या, परत खोचल्या. मग माझ्या तळव्यांखालची फरशी थरथरायला लागली. गड्याने डीजेचं गाणं लावलं होतं! पोरं नाचायला उठली, बायका गप्पांना बसल्या, बकरीकडे कोणी पाहीना.

माझं डोकंच फिरलं. सरळ गेले, साउंड बॉक्सची पिन उपसली आणि मुठीत धरली.

अध्यक्ष धावत आले. "बाई, लोक उठून चालले ना! आवाजाबिना कोणी पाह्यते काय?"

"मी पाह्यतो. चाळीस साल झाले, आवाजाबिनाच पाहून राह्यली. तुमच्याच्यानं वीस मिनिटं होत नाही काय? बसा खाली!"

माझा आवाज किती चढतो ते मला कळत नाही. पण पहिली रांग खाली बसली, तिच्यामागे दुसरी. अध्यक्षही बसले. मीही पुढच्या रांगेत शेजारणीजवळ जाऊन बसले.

बेकरीवाला पिठाच्या पिंपात पडला. मी हसत हसतच मागे पाहिलं. सगळी तोंडं उघडी, पोटं हलत होती. या वेळी मी मागून हसले नव्हते.

तेवढ्यात कोपराचा ढोस बसला. शेजारीण चष्मा घरी विसरून आली होती.

"काय झालं वं? कोण पडलं?"

मी तिचे ओठ वाचले आणि परत पडद्याकडे वळले. पिन अजून मुठीतच होती.

"काही नाही," मी म्हटलं. "मंग सांगतो."